मोरस साखर आणि काळा कातळ

जुन्या मराठी घरांत पांढऱ्या दाणेदार साखरेला 'मोरस साखर' म्हणत. कोशकारांनी या शब्दाची नोंद केली आहे आणि त्याचा उगमही सांगितला आहे: मॉरिशस बेटातून आलेली ती मोरस. गुजरातीत तर 'मोरस' हा शब्द साखरेचाच पर्याय झाला. स्वदेशीच्या काळात परदेशी साखरेवर बहिष्कार पडला, तेव्हा अनेक सोवळ्या घरांनी ही साखर वर्ज्य केली आणि गुळाकडे मोर्चा वळवला. परंतु ज्या बेटावरून ती आली त्या बेटाचे डोंगर कसे आहेत, पाऊस कोठून येतो, तिथला ऊस कोणी लावला, हे प्रश्न त्या चर्चेत क्वचितच आले. शब्द आपल्या स्वयंपाकघरात आला, भूमी मात्र आली नाही.

मराठीत मॉरिशसविषयी लिहिले गेले नाही असे नाही. प्रवासवर्णने आहेत, संमेलनांच्या निमित्ताने लिहिलेले गहिवरलेले लेख आहेत. या लेखनात निळा समुद्र असतो, शंखशिंपले असतात, 'सातासमुद्रापार जपलेली संस्कृती' असते. डोंगर मात्र बहुधा बसच्या खिडकीतून दिसतात आणि तिथेच राहतात. आमचे म्हणणे असे आहे की मॉरिशसच्या मराठी माणसाचा इतिहास वाचायचा तर आधी तिथला दगड वाचावा लागतो, आणि तो वाचण्याची सोय आपल्याकडे कात्रजला आहे.

हे विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडे भूशास्त्र. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी कंटाळू नये.

कात्रजचा घाट चढताना डोंगराच्या कडेकडे पाहिले तर तो पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेला दिसतो. एक उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एक थर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून हा रस वारंवार बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर माती धरली, पुन्हा रस आला. सह्याद्रीच्या घाटांत दोन काळ्या थरांच्या मध्ये जो तांबडा पट्टा दिसतो, तो या उद्रेकांमधल्या उसंतीचा. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर हा पाषाण पसरलेला आहे. भूशास्त्रात त्याला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात, आणि 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. याच काळ्या दगडाचे किल्ले, लेणी, वाडे आणि जाती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यात, कात्रजला तलाव बांधून पुणे शहरात नळाने पाणी नेले, त्या तलावाचे बांधही याच दगडाचे.

हा रस आला कोठून? सर्वसाधारणपणे मान्य असलेले उत्तर असे, की पृथ्वीच्या पोटात एक अतितप्त जागा आहे, जिला भूशास्त्रज्ञ हॉटस्पॉट म्हणतात. ती जवळजवळ जागच्या जागी राहते आणि तिच्यावरून भूखंडाचे तबक सरकत जाते. उद्रेकाच्या वेळी आपला दख्खन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मकरवृत्ताच्या आसपास होता आणि वर्षाला पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने उत्तरेकडे निघाला होता. आपण पुढे आलो, ती जागा मागे राहिली आणि समुद्राच्या तळाला डाग देत राहिली. लक्षद्वीप, मालदीव, छागोस या बेटांखालची ज्वालामुखीजन्य रांग हे त्या डागांचे माग. सन १९८७ मध्ये हिंदी महासागराच्या तळाला वेध घेऊन खडकांचे नमुने काढण्यात आले, तेव्हा दक्षिणेकडे जावे तसे खडकाचे वय कमी होत जाते हे दिसून आले. या रांगेच्या शेवटाला मॉरिशस आहे. त्याचे सर्वांत जुने खडक सुमारे ८०-९० लाख वर्षांचे. त्याच्या शेजारचे रियुनियन आणखी तरुण, आणि तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे.

म्हणजे कात्रजचा दगड आणि मॉरिशसचा दगड एका चुलीवरचे. फक्त कात्रजचा घाणा पहिला आणि मॉरिशसचा शेवटाआधीचा. येथे 'एकाच मातीची लेकरे' असे काही लिहिण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. दोहोंमध्ये साडेपाच कोटी वर्षांहून अधिक अंतर आहे, आणि दगडाला नाते नसते. नाते असते ते दगड फोडणाऱ्यांना.

मॉरिशसचे मुख्य बेट लहान आहे, सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. पुणे जिल्ह्यात अशी आठ बेटे मावतील. सर्वोच्च शिखर, काळ्या नदीवरचे पितों, अवघे ८२८ मीटर. पुणे शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर असल्याने हा आकडा आपल्याला किरकोळ वाटतो. परंतु तिथे डोंगर समुद्रालगतच्या सपाटीवरून एकदम उठतात, त्यामुळे सातआठशे मीटरांची उंचीही छातीवर येते. बेटाच्या मध्यभागी पठार आहे आणि त्याच्या कडेने डोंगरांच्या तुटक रांगा: वायव्येला मोका आणि पोर्ट लुईचे डोंगर, नैर्ऋत्येला काळ्या नदीचे, आग्नेयेला ग्रां पोरचे. या रांगांचा उतार समुद्राकडे सौम्य आणि आतल्या बाजूला तुटलेला. जणू एखाद्या प्रचंड परातीचा काठ जागोजागी मोडून पडावा.

हे एका ज्वालामुखीचे अवशेष असावेत, हा तर्क जुना आहे. चार्ल्स डार्विन १८३६ च्या एप्रिलअखेरीस बीगल जहाजातून पोर्ट लुईला उतरला. त्या मुक्कामात तो शहरामागचा 'ल पूस' म्हणजे अंगठ्याचा डोंगर चढला. पुढे १८४४ साली ज्वालामुखी बेटांवर त्याने जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात त्याने बाय्यी या फ्रेंच भूशास्त्रज्ञाची कल्पना नोंदवली आहे: एका महान ज्वालामुखीचा माथा आत खचला आणि ती पोकळी नंतरच्या लाव्हाने भरून निघाली. आज अभ्यासकांत तपशिलांचे मतभेद आहेत, पण परातीचा काठ ही प्रतिमा टिकून आहे. नंतरच्या उद्रेकांतली मुखेही दिसतात. क्यूर्पीप शहरातले 'त्रू ओ सेर्फ' हे त्यांतले एक, आता झाडीने भरलेले.

डार्विनच्या त्याच नोंदींत आमच्या विषयाचा दुसरा धागा सापडतो. पोर्ट लुईच्या रस्त्यांवर त्याला हिंदुस्थानातून जन्मठेपेवर पाठवलेले कैदी दिसले. त्यांची संख्या तो सुमारे ८०० देतो आणि ते सार्वजनिक कामांवर राबतात असे सांगतो. हिंदी माणसे दिसायला इतकी भारदस्त असतील अशी त्याची कल्पना नव्हती, हेही तो प्रांजळपणे लिहितो. सन १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून हे कैदी या बेटावर पाठवले गेले. रस्ते बांधणे आणि त्यासाठी दगड फोडणे हे त्यांचे काम. ज्या डोंगराच्या रचनेवर डार्विन टिपणे काढत होता, तोच डोंगर हे लोक घणाने फोडत होते. एकाने दगडाविषयी लिहिले, दुसऱ्याने दगडावर लिहिले. आपल्या वाङ्मयेतिहासाला पहिलेच लेखन वाचता येते.

गुलामगिरी १८३५ साली तिथे रद्द झाली. त्याआधीच, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास प्रारंभ झाला होता. 'ॲग्रीमेंट'चे 'गिरमिट' झाले आणि माणसे गिरमिटिया झाली. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये. सन १८३९ मध्ये या व्यापारावर बंदी आली, १८४२ नंतर तो पुन्हा खुला झाला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे या बेटावर उतरली. बहुसंख्य बिहार आणि संयुक्त प्रांतातली, बरीच मद्रास इलाख्यातली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी बोलणारे होते, त्यांतले बहुतेक कोकणातले.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ साली उभारलेल्या आगारात ती उतरत, काळ्या दगडाच्या पायऱ्या चढून वर येत. या जागेला पुढे 'कुली घाट' म्हणत, आज ती 'आप्रवासी घाट' आहे आणि २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. या नावातला घाट हिंदीतला, नदीकाठचा. मराठी माणसाचा घाट डोंगरातला. कोकणातल्या माणसाला 'घाटावर जाणे' म्हणजे सह्याद्री चढून देशावर जाणे. कात्रजच्या घाटाने माणूस साताऱ्याकडून पुण्यात येतो, परत जाऊ शकतो. आप्रवासी घाटाच्या पायऱ्या मात्र बहुतेकांनी एकदाच चढल्या. करार संपल्यावर काही जण परतले हे खरे, पण बहुसंख्य तिथेच राहिले.

आता या माणसाच्या डोळ्यांनी भूगोल पाहू. कोकणात पाऊस पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो आणि डोंगराला अडतो. डोंगराच्या अलीकडे मुबलक पाणी, पलीकडे देश कोरडा. मॉरिशसमध्ये वारे आग्नेयेकडून वाहतात. पाऊस पूर्वेच्या उतारांवर आणि मधल्या पठारावर कोसळतो, आणि पश्चिम किनारा डोंगरांच्या आड कोरडा राहतो. मराठी वस्त्या पुढे ज्या भागांत ठळक झाल्या, त्यांतल्या बऱ्याच या पश्चिमेच्या बाजूला आणि पठाराच्या पश्चिम काठावर आहेत: कास्काव्हेल, काळी नदी, हेन्रिएटा, व्हाकोआ. इथून सूर्य कोकणातल्यासारखा समुद्रातच मावळतो, पण पाऊस पाठीमागच्या डोंगरावरून येतो. दिशांचे सगळे शहाणपण, ढग कोठे दाटले म्हणजे काय समजायचे, पेर केव्हा करायची, हे उलटे झाले.

ऋतूही उलटे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला श्रावण-भाद्रपद हा थंडीचा उतार. गणपती कोकणात भिजत येतो. मॉरिशसमध्ये तो कोरड्या, गार हवेत येतो, आणि तेव्हा शेतात भात नसून ऊसतोडीचा हंगाम असतो. पंचांग आणि हवा यांची ताटातूट झाली. तरीही उत्सव टिकला. या बेटावरचा पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये हेन्रिएटा येथे भिवाजी घराण्याने केला असे सांगितले जाते, आणि आज गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. ऋतूच्या आधाराविना सण कसा टिकतो, हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी घेण्यासारखा आहे. आपल्याकडे सणांचा अर्थ शेतीच्या चक्राशी जोडून सांगण्याची पद्धत आहे, आणि ती पद्धत या बेटावर आली की अडखळते.

अडनावांचेही तसेच. आगारातला कारकून मजुराचे नाव जसे ऐकू येई तसे लिही, आणि पुढच्या पिढीत आजोबांचे पाळण्यातले नाव कुटुंबाचे आडनाव होऊन बसे. गावावरून पडलेली 'कर'कारान्त आडनावे त्या कागदावर उमटलीच नाहीत, म्हणून गावाकडे परत जाण्याचा भाषेतला रस्ताही पुसला गेला.

डोंगरांची नावे तर आधीच पडून गेली होती. डच १५९८ मध्ये आले आणि आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे, नाव बेटाला देऊन गेले. फ्रेंच १७१५ पासून होते आणि १८१० साली इंग्रजांनी बेट घेतल्यावरही डोंगरांवर फ्रेंचच राहिली. 'पीटर बोथ' हे ८२० मीटरांचे शिखर या किनाऱ्याजवळ १६१५ साली बुडालेल्या एका डच गव्हर्नर-जनरलचे. 'कोर द गार्द' म्हणजे पहाऱ्याची चौकी. पळालेल्या गुलामांवर नजर ठेवणाऱ्या राज्यात असे नाव पडावे हे स्वाभाविक. नैर्ऋत्य टोकाचा 'ल मॉर्न' हा ५५६ मीटरांचा सुटा कातळ म्हणजे त्याच पळालेल्या गुलामांचा आसरा, तोही २००८ पासून वारसा यादीत आहे. पहारा आणि पलायन, दोन्ही डोंगरांवर कोरलेली. मराठी मजुराने यांतल्या कोणत्याही डोंगराला नाव दिले नाही. देण्याची मुभाच नव्हती.

पण गोष्टी दिल्या. पीटर बोथच्या माथ्यावर एक प्रचंड धोंडा तोललेला आहे, दुरून माणसाच्या डोक्यासारखा दिसतो. बेटावर सांगितली जाणारी कथा अशी, की एका दूधवाल्याने डोंगरावर पऱ्यांचे नृत्य पाहिले, ते कोणाला न सांगण्याचे वचन मोडले, आणि तो दगड होऊन तिथेच उभा राहिला. ही कथा बेटावरच्या अनेक जमातींची आहे, तिच्यावर मराठी शिक्का मारण्याचा उद्योग आम्ही करणार नाही. परंतु 'नवरा-नवरी' नावाचे सुळके आणि दगड झालेली वऱ्हाडे ज्यांनी सह्याद्रीत ऐकली होती, त्यांना ती परकी वाटली नसणार. पठाराच्या दक्षिणेला 'ग्रां बासँ' नावाचे तळे आहे, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले. सन १८९७ मध्ये एका पुजाऱ्याच्या स्वप्नात हे 'परी तलाव' आले आणि पुढच्या वर्षी यात्रा सुरू झाली. पुढे १९७२ मध्ये त्यात गंगाजल ओतले गेले, आणि तेव्हापासून ते गंगा तलाव. भूशास्त्राच्या पुस्तकातले मुख अशा रीतीने तीर्थ झाले.

याच डोंगरांवर गोऱ्या लेखकांचे साहित्य कसे उभे राहिले, हे शेजारी ठेवून पाहावे. बेर्नार्दँ द सँ-पिएरने १७८८ मध्ये 'पोल ए व्हिर्जिनी' ही कादंबरी दिली आणि हे बेट युरोपभर निष्पाप निसर्गाचे प्रतीक झाले. मालकोम द शाझाल हा तिथलाच लेखक. त्याने १९५१ साली 'पेत्र्युस्मोक' या ग्रंथात मॉरिशसचे डोंगर म्हणजे बुडालेल्या लेमुरिया खंडातील प्राचीन मानवांनी घडवलेली शिल्पे आहेत, अशी विलक्षण पुराणकथा रचली. आम्हाला ती कल्पना भव्य वाटते आणि तितकीच अस्वस्थ करणारी. ज्या जमिनीवर शंभर वर्षे हजारो माणसे दगड हलवत होती, तिथे दगडांचे शिल्पकार शोधायला कवीला बुडालेल्या खंडात जावे लागले.

गंमत अशी, की बुडालेल्या भूखंडाची गोष्ट पुढे अर्धीमुर्धी खरी ठरली. सन २०१३ मध्ये मॉरिशसच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आणि २०१७ मध्ये तिथल्या खडकात झिरकॉन या खनिजाचे अतिप्राचीन कण सापडले, त्यांतले काही सुमारे तीनशे कोटी वर्षांचे. नव्वद लाख वर्षांच्या बेटावर इतका जुना कण येतो कसा? संशोधकांचे उत्तर असे, की भारत आणि मादागास्कर विलग होताना तुटलेला भूखंडाचा एक तुकडा या लाव्हाखाली गाडला गेला आहे. त्यांनी त्याला 'मॉरिशिया' हे नाव दिले. तिथे शाझालचे शिल्पकार नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

शिल्पकार दिसतात ते उसाच्या शेतात. मॉरिशसची शेतजमीन म्हणजे लाव्हाच्या गोट्यांनी भरलेले रान. ऊस लावायचा तर आधी गोटे वेचून काढावे लागत. गुलामांनी ते वेचले, मग गिरमिटियांनी वेचले आणि शेताच्या मध्ये, बांधांवर त्यांचे ढीग रचले. काही ढीग इतके नेटके, पायऱ्यापायऱ्यांचे आहेत की हौशी लोक त्यांना पिरॅमिड म्हणू लागले. गिरमिटियांच्या घरांत एक दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे: भरती करणाऱ्या दलालाने सांगितले होते की त्या बेटावर दगड उलटला की खाली सोने सापडते. दगड उलटण्यापुरता तो दलाल खरे बोलला. अभिमन्यू अनत यांनी हिंदीत 'लाल पसीना' ही कादंबरी १९७७ साली लिहिली, तिच्यात हा श्रम केंद्रस्थानी आहे. मराठीत त्या तोलाची कलाकृती आमच्या वाचनात नाही.

मराठीचे काय झाले? मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवली जाते, शाळांतही तिचा पर्याय आहे. घरात मात्र आज बहुतेक मराठी कुटुंबे क्रिओल बोलतात. कोकणातला जाखडी नाच तिथे 'झाकरी' या नावाने गणपतीपुढे नाचला जातो, गोंधळही घातला जातो. शब्दांचा अर्थ निसटलेला असला तरी ठेका पक्का आहे. आपल्या विभागांतून या मंडळींविषयी बोलताना 'त्यांनी भाषा जपली' किंवा 'त्यांनी भाषा गमावली' एवढे दोनच निकाल दिले जातात. अभ्यासक्रमात त्यांना जागा मिळाली तर ती परिशिष्टात. ज्यांना लेखणी मिळाली नाही त्यांच्या मजकुराला मजकूर म्हणायचे की नाही, हा प्रश्न परीक्षेच्या कागदावर येत नाही. पुण्याच्या आसपासच्या खाणींत दगड फोडणाऱ्या वडार समाजाविषयीही आपण तो फारसा विचारलेला नाही, आणि तिथे तर समुद्र ओलांडायचीही गरज नव्हती.

डोंगर फोडण्याचे हिशेब दोन्हीकडे एकाच सुमारास पुढे आले. सन २०१३ च्या मार्चअखेरीस पोर्ट लुईमागच्या डोंगरांवरून उतरलेल्या पुरात ११ माणसे गेली. त्याच वर्षी जूनमध्ये कात्रज घाटाच्या पायथ्याशी, शिंदेवाडीजवळ, फोडलेल्या डोंगरावरून आलेल्या लोंढ्याने एक आई आणि तिची मुलगी वाहून गेली. पुढे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणारा आंबिल ओढा पुण्यात घराघरांत शिरला. पाण्याने जुनी वाट धरली होती, एवढेच.

मॉरिशसमधले दगडांचे ढीग आता कमी होत चालले आहेत. यंत्राने ऊस तोडायचा तर शेत मोकळे हवे, म्हणून बुलडोझर लावून ते उपसले जातात. युरोपने साखरेला दिलेल्या हमीभावाची जुनी व्यवस्था २००९ मध्ये संपली आणि कित्येक मळ्यांवर ऊसच राहिला नाही, तिथे वसाहती उठल्या. शिवाय खाजणातून वाळू काढण्यास २००१ पासून बंदी आहे, त्यामुळे बांधकामाला लागणारी वाळू आता काळा दगड दळूनच मिळवतात.